चिंध्यांची साक्ष

(सोलापुरातील एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

युरोपात हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंचा आणि लाखो इतरांचा पद्धतशीर संहार केला, हे आपल्या चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. त्या संहारासंबंधी कागदाचे आणि कापडाचे तुकडे चिकटवून काही चित्रे झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या, पाणी, मजुरी आणि विडी कामगारांच्या प्रश्नांनी गांजलेल्या सोलापुरात या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर अखेरीस याच शहरातील एका वसाहतीच्या कुंपणापाशी मिळते. परंतु तेथे पोचण्यासाठी थोडा लांबचा रस्ता घेणे भाग आहे.

प्रथम कोलाज म्हणजे काय ते पाहू. 'चिकटवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला. १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी वर्तमानपत्राचे व भिंतीवर लावण्याच्या कागदाचे तुकडे चित्रात चिकटवले, तेव्हापासून आधुनिक चित्रकलेत या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली. आपल्याकडील घराघरांतील बायांना त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. जुन्या लुगड्याचे, धोतराचे, फाटक्या सदऱ्याचे तुकडे जोडून वाकळ शिवणारी बाई हेच करीत आली आहे. भेद इतकाच, की वाकळ ऊब देण्यासाठी शिवली जाते आणि कोलाज पाहणाऱ्याची ऊब काढून घेण्यासाठीही केले जाते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चलन कोसळले, बेकारी माजली, जुन्या राज्याची सारी प्रतिष्ठा धुळीस मिळाली. हॅनोव्हरचा कुर्त श्विटर्स रस्त्यावरची ट्रामची तिकिटे, वेष्टणे, छापील चिठोऱ्या उचलून चित्रे करू लागला. आपल्या कलेला त्याने 'मेर्झ' असे नाव दिले. हे नाव कोठून आले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका बँकेच्या छापील नावातील 'कॉमर्झ' या शब्दाला कात्री लावल्यावर जो तुकडा उरला, तोच हा 'मेर्झ'. व्यापाराचा चुरा झाल्यावर जे उरते त्यातून नवे काही उभे करता येते, असा त्याचा विश्वास होता. १९३७ साली नाझींनी 'अधःपतित कला' या नावाने जे प्रदर्शन भरवले, त्यात त्याच्या कृती टांगल्या गेल्या. त्याच वर्षी तो नॉर्वेत पळाला आणि १९४० साली तेथून इंग्लंडला. तेथे त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत डांबण्यात आले.

श्विटर्सने कचऱ्यातून चित्र केले, तर जॉन हार्टफील्डने छायाचित्रांतून हत्यार घडवले. त्याचे मूळ नाव हेल्मुट हेर्झफेल्ड. महायुद्धाच्या ऐन उन्मादात इंग्रजद्वेषाचा निषेध म्हणून त्याने आपले नाव इंग्रजी करून घेतले. कामगारांच्या एका सचित्र साप्ताहिकासाठी १९३० पासून त्याने छायाचित्रे कापून, जोडून पाने तयार केली. १९३२ सालच्या एका पानावर भाषण ठोकणारा हिटलर आहे. क्ष-किरणांनी पाहावे तशी त्याची छाती पारदर्शक झाली आहे आणि पाठीच्या मणक्यांच्या जागी सोन्याच्या नाण्यांची चळत आहे. दुसऱ्या पानावर हिटलरचा वर उचललेला, मागे झुकलेला तळहात आहे. त्याच्या पाठीशी उभा असलेला अवाढव्य धनिक त्या हातावर नोटा ठेवतो आहे आणि खाली मथळा आहे की लाखो माझ्या पाठीशी उभे आहेत. लाखो माणसे की लाखो मार्क, हे वाचकाने ठरवायचे. बड्या भांडवलाचे फॅसिझमला मिळणारे पाठबळ या विषयावर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले. सायंकाळी कारखान्यातून थकून आलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात ते समजावून देणारे पान मात्र कात्री आणि खळीने तयार झाले. एप्रिल १९३३ मध्ये नाझी त्याच्या घरात घुसले, तेव्हा तो निसटून प्राग येथे गेला.

येथे आपल्या परंपरेतील एका उणिवेचा स्पष्ट उच्चार केला पाहिजे. हार्टफील्डचे निदान पैशापुरते अचूक होते. द्वेषाला स्वतःचे पाय असतात, हे मात्र त्या काळच्या डाव्या विश्लेषणात पुरेसे आले नाही. ज्यूंचा संहार हा नफ्यातोट्याच्या हिशेबात बसणारा व्यवहार नव्हता. युद्ध हरत असतानाही सैन्याला हव्या असलेल्या आगगाड्या माणसांना मारण्याच्या जागी नेण्यासाठी धावत राहिल्या. त्या प्रवासाचे भाडे जर्मन रेल्वेने तिसऱ्या वर्गाच्या दराने आकारले. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चारशेहून अधिक प्रवासी असल्यास सामुदायिक सवलत! हिशेब होता, नियम होते, पावत्या होत्या. संहाराला कोणतेही आर्थिक कारण पुरेसे नव्हते, पण त्याचे हिशेब ठेवणारे कारकून मात्र पुरेसे होते. ट्रामचे तिकीट उचलून चित्रात लावणाऱ्या श्विटर्सच्या देशात तिकिटाचा असाही उपयोग झाला.

आता टेरेझीन. प्रागच्या उत्तरेस असलेल्या या जुन्या किल्ल्याच्या गावात नाझींनी ज्यूंची छावणी केली होती. डिसेंबर १९४२ मध्ये तेथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती आणली गेली. १८९८ साली व्हिएन्नात जन्मलेली, जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकलेली ही बाई डाव्या चळवळीतील होती. १९३० नंतरच्या काळात तिने व्हिएन्नात भांडवलशाहीविरोधी छायाचित्र-कोलाजांची भित्तिपत्रके केली होती आणि १९३४ साली तुरुंगवासही भोगला होता. छावणीत तिने मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. कागद नव्हता. म्हणून कार्यालयांतील रद्दी, छापील नमुने, वेष्टणाचे रंगीत कागद जमा करण्यात आले. मुलांनी ते फाडून, कापून फुले, घरे, डोंगर, आकाश अशी चित्रे चिकटवली. ज्या कागदावर माणसांची नोंद व मोजदाद व्हायची, तसल्याच कागदाच्या पाठीवर मुलांची बाग उगवली.

या बाईने एक नियम कटाक्षाने पाळला. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव घालायचे. छावणीच्या नोंदीत ते मूल एक क्रमांक होते, चित्राच्या कोपऱ्यात ते एक नाव होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला पाठवण्यात आले आणि तेथे ती मारली गेली. जाण्यापूर्वी तिने मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली होती. १९४५ साली त्या पेट्या प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचल्या. सुमारे साडेचार हजार चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक परतली नाहीत. त्यांच्याविषयी जे थोडेफार कळते, ते कोपऱ्यातल्या त्या नावांमुळे.

युद्ध संपल्यावर प्रश्न बदलला. अशा भीषण गोष्टीचे चित्र करावे की नाही? केले तर ते भिंतीवर शोभिवंत वस्तू होऊन बसणार नाही काय? रीगा शहरात वाढलेल्या बोरिस लुरीची आई, आजी आणि बहीण १९४१ साली मारल्या गेल्या. तो स्वतः छावण्यांतून वाचला आणि पुढे न्यूयॉर्कला गेला. तेथे त्याला दिसले, की ज्या मासिकात छावणीतील प्रेतांचे छायाचित्र छापले जाते, त्याच मासिकाच्या पुढल्या पानावर साबणाची नाहीतर मोटारीची जाहिरात असते. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्याने गाडीवर रचलेल्या प्रेतांच्या छायाचित्रावर एका अर्धनग्न स्त्रीचे जाहिरातबाज चित्र चिकटवले. लोक संतापले. पण त्या दोन चित्रांना शेजारी आणणारा लुरी नव्हता. बाजाराने ती आधीच शेजारी आणली होती, लुरीने केवळ मधले पान काढून टाकले. कोलाजचे सामर्थ्य येथे दिसते, आणि त्याचा धोकाही येथेच दिसतो. त्या प्रेतांना कोणी विचारले नव्हते. मृतांच्या छायाचित्राला कात्री लावण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न सुटलेला नाही आणि तो सुटू नये हेच बरे.

आता या कहाणीतील असा भाग, जो जगाने फार उशिरा ऐकला. ज्यूंच्या बरोबरीने नाझींनी रोमा लोकांचाही वंशविच्छेद आरंभला. ज्यांना युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवले जाते, तेच हे लोक. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात, नाकाला नाख, कानाला कान, माणसाला मानुश आणि काळ्याला कालो. भाषाशास्त्र सांगते, की ही भाषा भारतीय कुळातील आहे आणि हजारेक वर्षांपूर्वी ती बोलणाऱ्यांचे पूर्वज इकडून तिकडे गेले. नाझी राज्याने त्यांच्यासाठी वंशशास्त्रज्ञ नेमले, वंशावळ्या तयार केल्या, हजारो कुटुंबांच्या फायली रचल्या आणि निष्कर्ष काढला की गुन्हा यांच्या रक्तातच आहे. ऑशविट्झला रोमांच्या हातावर 'झेड' हे अक्षर आणि क्रमांक गोंदला जाई. तेथील त्यांच्या छावणीत सुमारे तेवीस हजार माणसे आणली गेली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या सुमारे चार हजारांहून अधिक स्त्रिया, मुले आणि म्हाताऱ्यांना विषारी वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले. एकंदर किती रोमा मारले गेले, याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. अंदाजांतील हे अंतरच सांगते, की त्यांची गणती मारण्यासाठी झाली, आठवण्यासाठी नाही.

युद्धानंतर न्याय मिळाला काय? १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की १९४३ पूर्वी रोमांवर झालेली कारवाई वांशिक नव्हती, त्यांच्या समाजविघातक वृत्तीमुळे झालेली ती पोलिसी कारवाई होती. म्हणजे हिटलर गेला, पण त्याच्या फायलींवरचा शेरा न्यायाधीशांनी कायम ठेवला. तो निकाल १९६३ साली बदलला. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता असे मान्य केले ते १९८२ साली.

पोलंडमधील माल्गोझाता मिर्गा-तास ही रोमा चित्रकर्ती याच विस्मरणाशी झुंजते. ती कापडाचे तुकडे जोडून चित्रे शिवते. पडदे, चादरी, ओळखीच्या बायांनी अंगावर वापरलेले कपडे, हे तिचे साहित्य. २०२२ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पोलंडचे दालन तिच्याकडे आले. एखाद्या राष्ट्राचे दालन रोमा कलावंताकडे येण्याची ती पहिलीच वेळ. सतराव्या शतकातील एका फ्रेंच चित्रकाराने रोमांना भटके आणि चोर म्हणून रंगवले होते. तीच चित्रे तिने रंगीत कापडात पुन्हा शिवली आणि त्या माणसांना त्यांची प्रतिष्ठा परत दिली. त्याखालच्या पट्ट्यांत रोमा बायांच्या तसबिरी आहेत आणि अगदी तळाशी धुणे, पत्ते, गप्पा असे रोजचे जीवन. याआधी २०११ साली तिने बोझेंचिन या गावी मारल्या गेलेल्या रोमांचे लाकडी स्मारक उभारले होते. २०१६ साली समाजकंटकांनी ते तोडले. ते पुन्हा उभारण्यात आले. स्मारक तोडावेसे वाटणारी माणसे शिल्लक आहेत, यावरूनच स्मारकाची गरज सिद्ध होते.

मित्रहो, येथे आपण सोलापूरला पोचतो. ज्या रक्तातल्या गुन्ह्याचा सिद्धांत नाझींनी रोमांना लावला, त्याचा कायदा आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ सालीच केला होता. गुन्हेगार जमातींचा कायदा, हे त्याचे नाव. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यात लागू झाला. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, भामटा अशा जमातींत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. बोटांचे ठसे, नोंदवही, हजेरी, बाहेर जाण्यास परवान्याची चिठ्ठी हे त्या कायद्याचे अवयव. आईबापांपासून मुले वेगळी काढून ठेवण्याची तरतूदही त्यात होती. सोलापुरात या जमातींसाठी काटेरी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत झाली. काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तेथील स्त्री-पुरुष शहरातील गिरण्यांत कामाला जात. सुधारणेची भाषा सरकारची, मजुरीची सोय गिरणीमालकाची आणि हजेरी माणसांची! कापडगिरणीच्या या शहराच्या वैभवात कुंपणाआडच्या या श्रमांचा वाटा किती, हा आर्थिक इतिहासातील प्रश्न अजून नीट विचारला गेलेला नाही.

तुलना करताना तोल सांभाळला पाहिजे. सोलापूरची सेटलमेंट म्हणजे ऑशविट्झ नव्हे. येथे माणसांना मारण्याचे कारखाने नव्हते, आणि तसे सुचवणे हा दोन्हीकडच्या बळींचा अपमान ठरेल. साम्य आहे ते पहिल्या पायरीचे. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून त्याच्या नावापुढे शेरा मारायचा, मग त्याची फाईल करायची, मग त्याच्याभोवती तार ओढायची. पुढच्या पायऱ्या प्रत्येक देशात चढल्या जातातच असे नाही. पण जेथे त्या चढल्या गेल्या, तेथे जिन्याची सुरुवात याच पायरीपासून झाली होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. तथापि सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी तोच संशय मागील दाराने आत घेतला. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली आपला अहवाल दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या आणि विमुक्तांना जन्मतः सराईत मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाली होती, शेरा गेला नव्हता!

१९३० च्या लष्करी कायद्याची आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांची स्मृती या शहराने भर चौकात अभिमानाने जपली आहे. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव मात्र पोस्टाच्या पत्त्यात उरले. रोज ते नाव लिहिणाऱ्या किती जणांना त्यातील 'फ्री' या शब्दाचा अर्थ ठाऊक असेल? एका परकीय सत्तेविरुद्धचे शौर्य आठवणे सोपे असते. आपल्याच शेजाऱ्याला तारेआड ठेवले गेले आणि आपण पलीकडून पाहत होतो, हे आठवणे अवघड असते.

याचा अर्थ आपल्या प्रदेशाला या कलेची ओळख नाही असा नव्हे. हिटलरच्या छळामुळे व्हिएन्ना-बर्लिन सोडून आलेल्या वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लेडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी मुंबईत ज्या तरुण चित्रकारांना आधार दिला, त्यांत याच जिल्ह्यातील पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन होते. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली, तेव्हा विवान सुंदरम यांनी होशी जाल यांनी टिपलेले रस्त्यात पडलेल्या एका मृताचे वृत्तपत्रीय छायाचित्र घेतले. त्या एकाच छायाचित्राच्या प्रतींवर खिळे ठोकून, त्या झाकून, त्यांना काचेच्या पेटीत ठेवून त्यांनी 'मेमोरियल' हे दालन उभे केले. दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणारे छायाचित्र कबरीच्या मानाला पोचले. लुरीच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे. मृताला वापरू नका, त्याला पुरा, त्याची जागा राखा.

तेव्हा आपल्यापुढचे काम काय? घोषणांची भित्तिपत्रके आपण पुष्कळ केली, ती करावीच लागतील. त्याखेरीज एक कमी आवाजाचे काम आहे. सेटलमेंटमध्ये जन्मलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या पेट्यांत जुनी चिठ्ठी असेल, गिरणीचा पास असेल, शाळेचा दाखला असेल, आजीची वाकळ असेल. हे जमवले पाहिजे. हे जमवताना तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, वस्तू ज्याची त्याच्या संमतीखेरीज घ्यायची नाही, आणि मूळ वस्तूला कात्री लावायची नाही. लावायची तर प्रतीला. दुसरे, प्रत्येक तुकड्यावर नाव हवे. टेरेझीनच्या त्या बाईने मृत्यूच्या छायेतही हा नियम सोडला नाही, आपल्याला तर सवड आहे. तिसरे, त्यातून जे चित्र उभे राहील, ते त्या वसाहतीतल्या मुलामुलींनी उभे करावे. मिर्गा-तासचे सामर्थ्य तिच्या सुईइतकेच तिच्या जागेत आहे. ती आपल्याच माणसांची वस्त्रे शिवते. दुसऱ्याच्या दुःखाचे कोलाज करून टाळ्या मिळवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

या कामाने कोणाची मजुरी वाढणार नाही, हे खरे. परंतु उद्या कोणत्याही समाजाकडे बोट दाखवून 'हे जन्मतःच तसे' असे कोणी म्हणू लागेल, त्याच्यासाठी वेगळी नोंदवही मागू लागेल, तेव्हा त्याच्यासमोर ठेवण्यासाठी आपल्या हाती काहीतरी असले पाहिजे. युक्तिवादाला प्रतियुक्तिवाद सापडतो. हजेरीच्या चिठ्ठीवर उमटलेल्या, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याला सापडत नाही.

सोलापूरच्या मागांवर दर दिवशी चिंध्या निघतात आणि दर दिवशी त्या झाडून टाकल्या जातात. त्यांतल्या काही कोणीतरी उचलून ठेवायला हव्यात.